कोल्हा की हत्ती?

अठराव्या शतकातल्या ब्रिटिश व्यंगचित्रांत तिथला राजकारणी चार्ल्स जेम्स फॉक्स कोल्ह्याच्या तोंडाने, झुपकेदार शेपटीने पुन्हापुन्हा भेटतो. (काटेकोर बोलायचं तर 'फॉक्स' म्हणजे आपलं खोकड, पण धूर्तपणा आपण कोल्ह्याच्याच पदरी बांधतो.) आडनावावरची ही कोटी लगेच कळते, पण माणूस धूर्त आहे यापलीकडे फारसं काही सांगत नाही.

व्यंगचित्रकार जेम्स सेयर्सचा हत्ती मात्र वेगळा. डिसेंबर १७८३ च्या त्या चित्रात मोगली थाटातला फॉक्स हत्तीवर बसून लंडनच्या लीडनहॉल स्ट्रीटवर, ईस्ट इंडिया कंपनीच्या दारी निघालाय. हत्तीला चेहरा लॉर्ड नॉर्थचा, म्हणजे फॉक्सच्या कालच्या वैऱ्याचा आणि आजच्या सत्तेतल्या भागीदाराचा! पुढे तुतारी फुंकणारा फॉक्सचा साथीदार एडमंड बर्क. कंपनीचा कारभार संसदेने नेमलेल्या आयुक्तांकडे देणारं फॉक्सचं विधेयक म्हणजे हिंदुस्थानची सत्ता बळकावण्याचा डाव, हा आरोप एका प्राण्यात मावला. त्याच महिन्यात लॉर्ड्स सभागृहात विधेयक पडलं, राजाने फॉक्स-नॉर्थचं मंत्रिमंडळही घालवलं. त्यामागे राजाचा दबाव होताच, पण या चित्राचा घाव फॉक्सलाही झोंबला होता म्हणतात.

मला हत्तीच सरस वाटतो. कोल्हा नावावरून आला, हत्ती घडलेल्या प्रसंगातून.