जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ आणि अर्थिंग, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचा ट्रॅक्टर ९७ चा, ३५ एचपी, यावल तालुक्यात केळी अन् कपाशीच्या कामावर. तीन वर्षं सेल्फवर (चावी फिरवली की इंजिन फिरवणारी मोटर) भरवसाच नव्हता, शेडजवळच्या उतारावर लावायचा, सकाळी ढकलायचा, शेतात बंद पडला तर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला साखळी बांधायची. त्या नादात दोन नव्या बॅटऱ्या घेतल्या, महिना दोन महिने बरं चालायचं अन् परत नुसतं टक टक.

ऑक्टोबरात खताची ट्रॉली भरून उभी अन् हा उठेना. गावातले मिस्तरी आबा आले, लाइट लावून बघितली आणि म्हणाले, "बॅटरीले काही व्हयेल नही, अर्थिंग देख." अर्थिंग म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी वायर. मग त्यांनी व्होल्ट मोजायचा मीटर लावला. बॅटरी उभ्या उभ्या १२.६, सेल्फ मारताना १०.६, पण सेल्फच्या बोल्टवर अन् बॉडीवर लावला तर फक्त ७.८! मग मधले जवळपास तीन व्होल्ट गेले कुठं? इंजिनची बॉडी अन् बॅटरीचा मायनस यांच्यातच २.३ खात होते. वायरला हात लावला तर चेसिसकडचं लग (वायरच्या टोकाची कडी) चटका बसेल एवढं तापलेलं. रबर कापलं, आत तांब्याच्या तारा हिरव्यागार, बोटाने चोळल्या तर भुगा.

चेसिसवरचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईस्तोवर घासला, जाड नवी अर्थिंग वायर थेट इंजिनला दिली, टर्मिनलला व्हॅसलीन. परत मोजलं तर २.३ चे ०.२ झाले. त्याच जुन्या बॅटरीवर पहिल्याच चावीत उठला, मला खरंच भरून आलं.

जानेवारीच्या थंडीत एकदाही ढकलला नाही. मार्चपासून मात्र गरम इंजिनवर सेल्फ जड फिरायला लागला, थंड झाला की ठीक. सेल्फ खोलला तर कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) निम्मे झिजलेले अन् दांडा धरणारे बुश एवढे ढिले की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, आतून घासत होतं, तसे ओरखडेच होते. कार्बन, बुश बदलले, त्यानंतर मे महिन्याच्या उन्हात रोटाव्हेटर मारतानाही बंद करून चालू केला तर त्रास नाही.

एक कळकळीने सांगतो, सेल्फ घेत नाही म्हणून पान्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा स्विच) शॉर्ट करू नका. आम्ही करायचो. खाली उभं राहून शॉर्ट केला अन् गियरमध्ये असला तर ट्रॅक्टर अंगावर येतो, मागचं चाक बाजूला व्हायला वेळच देत नाही. पोराला तर मी ताकीदच दिली आहे. आणि वायर काढताना मायनस आधी काढा, लावताना शेवटी.

मे अखेर धक्क्यांनी टर्मिनल ढिलं होऊन पांढरी पावडर आली होती, सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन आवळलं. आता दर महिन्याला बघतो. सोलेनॉइड अजून जुनाच आहे, त्याचे कॉन्टॅक्ट पेरणी आटोपली की खोलून बघणार.