एंटरप्राइज लेबलखालची जुनी हार्ड डिस्क

‘नवी, सीलबंद, एंटरप्राइज ग्रेड’, म्हणजे सर्व्हर आणि डेटा सेंटरसाठी बनवलेली, डिस्क जोडली, स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) चालू तास, म्हणजे ती आजवर किती तास चालली तो आकडा, शून्य दिसले, की घेणारा निश्चिंत होतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत सीगेट कंपनीच्या एक्सॉस या एंटरप्राइज डिस्क घेणारे असेच निर्धास्त होते. स्मार्टचे आकडे पुसलेले होते. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती तशीच राहिली होती. तिच्यात १५,००० ते ५०,००० तास निघाले. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे काही डिस्क जवळपास पावणेसहा वर्षं अखंड फिरलेल्या, आणि या मालाची वॉरंटीच मुळात पाच वर्षांची! चिया या क्रिप्टोचलनाच्या ‘खाणीं’तून, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या जोरावर ते चलन मिळवणाऱ्यांकडून, हा माल बाहेर आल्याचा संशय होता. हा माल आपण विकलेला नाही, असं सीगेटने सांगितलं. विकणाऱ्यांत मात्र नावाजलेली दुकानंही होती.

एंटरप्राइज मालात हे खपतं, कारण तो बहुधा छापील खोक्याविना, नुसत्या अँटिस्टॅटिक पिशवीत मिळतो. पिशवी बदलली की डिस्क ‘नवी’.

मुळात एंटरप्राइज डिस्क हवी का? हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या ऑनलाइन बॅकअप कंपनीच्या २०१३च्या आकड्यांत वर्षाला घरगुती डिस्क ४.२ टक्के बिघडल्या, एंटरप्राइज ४.६ टक्के. एंटरप्राइज डिस्क मोजक्याच होत्या, त्यामुळे हा निवाडा नव्हे. खरा फरक रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याच्या मांडणीत, पडतो. सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) वाचता आला नाही, तर एंटरप्राइज आणि नॅसच्या (नेटवर्कवरच्या साठवण-पेटीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत नाद सोडतात. घरगुती डिस्क झगडत बसते आणि रेड कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एकट्या पीसीत उलट झगडणारीच बरी.

माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि पिशवी फोडण्याआधी तो कंपनीच्या वॉरंटी पानावर टाका. मुदत बरीच सरलेली किंवा ‘ओईएम’ (संगणक बनवणाऱ्या कंपनीला दिलेला माल) असा शेरा दिसला, तर डिस्क तिथेच परत. केबल जोडायच्या साटा खाचेतल्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, स्क्रूच्या भोकांभोवती खुणा असल्या तरीही परत. मग डिस्क थेट मदरबोर्डला जोडा, कारण यूएसबी खोक्यातून फार्म बरेचदा वाचता येत नाही. स्मार्टमनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरची ७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन फार्ममधले चालू तास स्मार्टशी ताडून पाहा. मात्र जुळले म्हणजे सुटलात असं नाही. पुढे फार्मचे आकडेही बदललेल्या डिस्क सापडल्या. फार्म फक्त सीगेटमध्ये असतं, इतर कंपन्यांत वॉरंटी पान आणि डोळे यांवरच भिस्त.

परतीची मुदत संपण्याआधी दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट आणि बिल विक्रेत्याला लेखी पाठवा. दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.