गगनबावडा: एक रात्र तरी ऱ्हावाच

कोल्हापूरकर असून आम्ही गगनबावड्याला कधी थांबलोच नव्हतो, मालवणला जाताना चहा घ्यायचा आन करूळ घाट उतरायचा एवढंच. जुलैत मात्र मुद्दाम दोन दिवस काढले. कोल्हापुरापासून ५५ किमी, फुलेवाडी-बालिंगा-कळे करत सरळ रस्ता, आणि रंकाळा स्टँडवरनं एसटी पण आहे.

आधी ऑनलाईन एक रिसॉर्ट बुक केलेलं, तिथं गाद्या ओल्या, लाईट गेलेली आणि जनरेटर लावा म्हटलं तर डिझेल नाही म्हणाले, पोरगी थंडीनं कुडकुडत होती म्हणून ॲडव्हान्सवर पाणी सोडून निघालो. टपरीवरच्या मामांनी गावातलंच एक घर दाखवलं, दोन खोल्या देतात भाड्यानं. माणशी बाराशे, जेवण नाष्टा धरून.

आणि काय सांगू, तिथं जे जेवलो ना! काकू नाचणीच्या पिठाची आधी गरम पाण्यात उकड काढायच्या, मग भाकरी हातावरच थापायच्या, काठाला एक चीर नाही. सोबत कुळथाचं पिठलं, आणि रात्री काकांनी ओढ्यातनं आणलेल्या खेकड्यांचा रस्सा. शहरात हॉटेलात मिळतो तसला तेलाचा तवंग नाही, नुसता वाटपाचा दाटपणा, मी तीन वाट्या प्यालो. भिजलेले कपडे चुलीवरच्या दोरीला टाकले, सकाळी धुराचा वास होता पण खडखडीत वाळलेले. खोली साधीच आहे, बाथरूम बाहेर, गरम पाणी बंबातलं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी जाऊ नये.

सकाळी गगनगडावर. निम्म्याच्या वर गाडी जाते, मग पायऱ्या. शिलाहार राजा दुसरा भोज याचा किल्ला म्हणतात, पुढं हा भाग बावडेकर पंत अमात्यांकडं होता. वर गगनगिरी महाराजांचा मठ आणि त्यांनी तप केलेली गुहा, शिवाय गैबी पीर पण, दोन्हीकडं लोक श्रद्धेनं थांबतात. आम्ही चढलो तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता धुक्यात, आणि मग पाचच मिनिटं वारं सुटलं नि खाली एका अंगाला करूळ घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावडा घाट, दोन्ही रस्ते एकदम दिसले. पोरगी ओरडलीच. परत सगळं पांढरं.

परतीला पळसंबे चुकवू नका. ओढ्यातच मोठमोठे एकसंध दगड कोरून देऊळ आणि खोल्या केल्यात, रामलिंग म्हणतात, पावसात बाजूनं पाणी धो धो वाहत असतंय आणि आत उभं राह्यलं की नुसता तोच आवाज. पायऱ्या शेवाळलेल्या, चप्पल घालून उतरू नका, माझी आई घसरता घसरता वाचली. लखमापूरचा तलाव मात्र गाडीतनंच बघितला, पाऊस थांबेना.

जाताना एक करा, वाटेतल्या मांडुकली गावाजवळ रस्त्यावर पाणी आलंय का विचारून घ्या, कुंभी नदी भरली की वाट बंद होतीय. नेटवर्क जातंय-येतंय, कॅश जवळ ठेवा. प्लॅस्टिक मात्र गडावर टाकू नका बाबांनो, मठाच्या वाटेवर बाटल्या बघून जीव तुटतो.

निघताना काकूंनी फडक्यात चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. कळ्याला गाडी थांबवून तिथंच खाल्ल्या, अजून कोमट होत्या.