व्ही-क्रॉसला सस्पेन्शन लिफ्ट टाकून 14 महिने: इंच कमी बघा, पाटे जास्त बघा

गाडी 2018 ची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस पिकअप, 2.5 लिटर. सस्पेन्शन लिफ्ट म्हणजे स्प्रिंग-शॉकअप बदलून गाडीचं अंग चाकांपासून वर उचलणं. शोसाठी नाही, कामाची आहे. गोव्यात सत्तरी तालुक्यात आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, तिथून सुपारी, नारळ, केळीचे घड बाहेर काढायचे, जाताना शेणखत नाहीतर पंपाचे पाइप, आणि दर पंधरवड्याला दिवाडी बेटावर सासुरवाडी. कंपनीचा ग्राउंड क्लिअरन्स 225 मिमी, म्हणजे कागदावर भरपूर. पण कुळागराच्या वाटेला दोन चाकोऱ्या आणि मधे वरंबा, जून लागला की चाकोऱ्या खोल होत जातात नि वरंबा आहे तिथेच राहतो, मग गाडीचं पोट त्याच्यावरून खरवडत जायचं. दुसरा त्रास फेरीबोटीचा. गाडी जवळजवळ 5.3 मीटर लांब, मागचा भाग चाकाच्या बराच मागे लोंबतो, त्यामुळे जुन्या गोव्याच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी बोटीत चढताना मागचा टो-बार (ट्रेलर ओढायचा दांडा) काँक्रीटला असा घासायचा की बोटीवरचे सगळे वळून बघायचे.

तर पहिली चूक आधी सांगतो, कारण बहुतेक जण तीच करतात. एका गॅरेजवाल्याने साडेसात हजारांत पुढे शॉकअपच्या डोक्यावर स्पेसर (जाड चकती) आणि मागे पाट्यांचं टोक टांगणारी लांब पट्टी, म्हणजे शॅकल, घालून दिले. स्पेसर फक्त 25 मिमीचा होता पण गाडी पुढून जवळजवळ 50 मिमी वर आली. मला वाटलं वा, फुकटात दुप्पट मिळालं! नंतर कळलं की ह्या गाडीला पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर एक नि खाली एक आर्म आहे, शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर बसतो, म्हणून शॉकअपच्या डोक्यावर जेवढं घालाल त्याच्या दुप्पटीच्या आसपास चाक खाली जातं. फुकट काही नव्हतं, शॉकअपची लांबी तेवढीच राहिलेली, त्यामुळे चाक खाली लटकायला जी मोकळीक लागते ती मी खाऊन टाकली होती. स्पीडब्रेकर उतरला की पुढून 'ठक्'. खड्ड्यातून बाहेर आली की 'ठक्'. स्टिअरिंग वळणानंतर आपणहून सरळ यायचं बंद झालं, हायवेला गाडी इकडेतिकडे बघत चालल्यासारखी चालायची (कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ आणणारा चाकाचा कोन, कमी झाला की असंच होतं). अलाइनमेंटवाल्याने दोनदा प्रयत्न करून हात वर केले. चौथ्या महिन्यात डाव्या सीव्ही जॉइंटचा (पुढच्या चाकाला ताकद पोचवणाऱ्या सांध्याचा) रबरी बूट फाटला, अ‍ॅक्सलचा कोन एवढा तिरका की बुटाच्या घड्या एकमेकांवर घासून कापल्या गेल्या, चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस. बूट, ग्रीस, मजुरी, परत अलाइनमेंट, साडेसात हजारांची गंमत वीसच्या पुढे गेली आणि पाच महिन्यांत सगळं काढून भंगारात.

मग गेल्या वर्षी मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, पूर्ण किट घातलं. पुढे नवे कॉइल आणि लांब शॉकअप, मागे नवे पाटे (लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग), शॉकअप, रबरी बुश, पाटे बांधणारे यू-बोल्ट. फिटिंग धरून सव्वा लाखाच्या आसपास गेले. ओल्ड मॅन इमू, आयर्नमॅन, टफ डॉग, प्रोफेंडर, नावं भरपूर आहेत, माझं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे नावावरूनच भांडत बसतील. खरा प्रश्न नावाचा नाहीच. दुकानदार विचारतो, 'रोज मागे किती वजन असतं?' आणि आपण सगळे तिथे बढाई मारतो. मी म्हटलं 300 किलो तर असतंच. त्याने कायम 300 किलोवाले पाटे दिले. मी कुठल्या दिवसाचा विचार करत होतो तर फेब्रुवारीत बागायतदार संस्थेत सुपारी घालायला जातो त्या दिवसाचा, असे दिवस वर्षात पंधरा-वीस. उरलेले साडेतीनशे दिवस हौद्यात एक कोयता आणि रिकामी पोती!

म्हणजे झालं काय, 40 मिमी लिफ्ट म्हणून घेतलेलं किट रिकाम्या गाडीला मागून 65 मिमी चढलं. वाळपई ते होंडा रस्त्यावर मागे बसलेल्या माणसाचं डोकं छपराला. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागचं अंग हलकं वाटायचं, ते मला अजिबात आवडलं नाही. सप्टेंबरात दोन्ही बाजूंचा सगळ्यात खालचा पाटा काढला, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट लहान घातला, आता 45 वर आहे आणि गाडी माणसात आली. आता सुपारीची पोती भरली की थोडी बसते, पण पूर्वीसारखं नाक वर करून समोरच्याच्या डोळ्यांत हेडलाइट मारत नाही. आणि जाड पाटे घातले म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही हो, तेवढं लक्षात असू द्या. मलाही कामगारांना तीनदा सांगावं लागलं.

आणि बघा, पिकअपचं मागचं अंग कंपनीच थोडं वर ठेवते ते भारासाठी. पुढचंच तेवढं उचलून 'लेव्हल' केलेल्या गाड्या फोटोत छान दिसतात, हौदा भरला की त्या नाव पाण्यात उलटी बसावी तशा दिसतात.

फिटिंगच्या वेळी मी स्वतः उभा होतो ते बरं झालं. पोरगा गाडी गॅरेजच्या उचलायच्या यंत्रावर, चाकं लटकलेली, अशा स्थितीत पाट्यांच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळायला लागला. थांबवला. तसं आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. आधी बोल्ट फक्त पकडवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा हलवून बसवायची, मग आवळायचं. हे माझ्या मामांनी शिकवलेलं, ते खाणीवरच्या ट्रकांवर होते. यू-बोल्ट 500 किमीनंतर परत आवळून घेतले, प्रत्येकाला अर्धा आटा तरी फिरला. मोजमापही जमिनीपासून घेऊ नका, टायरची हवा कमीजास्त असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायची. माझं पुढे 49 सेंमी होतं, किटनंतर 53.5, तीन महिन्यांत बसून 53.

40 मिमीपर्यंत मूळच्या वरच्या आर्मवर अलाइनमेंट जमली. तुम्हाला त्याच्यावर जायचं असेल तर वेगळे अप्पर आर्म आणि पुढचं डिफ (डिफरन्शियल, दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) खाली घेणारं किट ह्याचे पैसे आधीच बाजूला काढा. आणि ज्या पिकअपला मागे लोडप्रमाणे ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व असतो तिथे त्याची दांडी नव्या उंचीला जुळवायलाच हवी, नाहीतर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

लिफ्टने एक गोष्ट होत नाही, ती मला दगडाने शिकवली. मागचं डिफ अ‍ॅक्सलवर असतं, त्यामुळे गाडी कितीही उचला, डिफचा गोळा जमिनीपासून तेवढाच. जुलैत चाकोरीतल्या जांभ्या दगडावर असा आपटला की बायको म्हणाली, 'एवढे पैसे घालून हाच आवाज?' डिफ फक्त मोठ्या टायरने उचललं जातं. 245/70 आर16 चे 265/70 केले तर व्यास 749 चा 777 मिमी झाला, म्हणजे डिफला मिळाले 14 मिमी. बस्स! शिवाय मीटर मागे पडतो, पूर्वी 80 ला जेवढी पळायची त्यापेक्षा आता 80 ला तीनेक किमी जास्त. मायलेज साडेबाराचं पावणेबारा आलंय, तेही अंतरात ही 3.7 टक्क्यांची दुरुस्ती धरून.

बाकी, पोट वरंब्याला लागत नाही, हे दोन पावसाळ्यांत एकदाही नाही. फेरीवर पूर्ण ओहोटीला टो-बार दोन बोटं सुटतो. चोर्ल्याच्या वळणांवर मूळच्या गाडीपेक्षा कमी झुलते, उंच होऊनसुद्धा, त्याचं श्रेय शॉकअपना. लाल चिखल पाट्यांत जाऊन वाळला की किरकिर होते, नळीने धुतली की जाते.

त्रास घरच्यांना. आईला चढता येत नाही, पहिल्या दिवशी म्हणाली, 'गाडी आहे की माळा?' शेवटी फूटस्टेप लावला, तो चार इंच खाली येतो म्हणजे कमावलं त्यापेक्षा जास्तच तिथे परत. कामगार पोतं चढवताना म्हणाला, 'पात्रांव, हौदो खांद्यामेरेन पावलो.' (मालक, हौदा खांद्यापर्यंत पोचला.) बरोबरच आहे त्याचं, पोतं रोज तो उचलतो, मी नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलाशी तफावत येईल असा बदल चालत नाही, 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला बदलामागे 5000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मला अजून कोणी अडवलं नाही, पण म्हणून तुम्हाला अडवणार नाहीत असं मी म्हणणार नाही. इन्शुरन्सवाल्यांना मी लेखी कळवलंय.

एक काम राहिलंय. उजवी बाजू डावीपेक्षा 8 मिमी खाली आहे, ड्रायव्हर त्याच बाजूला आणि मी काही हलका नाही. त्यासाठी उजव्या कॉइलवर पॅकर (पातळ चकती) घालतात, तो आणून डॅशबोर्डच्या खणात ठेवलाय. घालायचा म्हणजे परत शॉकअप उतरवा, परत अलाइनमेंट. चवथ (गणेश चतुर्थी) होऊ दे, मग बघतो.