मॅकमास्टर काचपट्टी: जंत किती हे विचारा, आहेत का हे विचारू नका

जनावरांच्या शेणातली जंतांची अंडी मोजायची ती मॅकमास्टर काचपट्टी. शेण तपासणीच्या सामानातली सगळ्यात साधी वस्तू कोणती, तर ही. आणि सगळ्यात जास्त नको त्या कामाला जुंपली जाणारीही हीच. नावाला काचपट्टी, पण हल्ली मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकची. दोन पट्ट्या, मध्ये दीड मिलिमीटरची फट आणि वरच्या पट्टीच्या आतल्या बाजूला कोरलेले १० बाय १० मिमीचे दोन चौकोन. एका चौकोनाखाली ०.१५ मिलि द्रावण मावतं, दोन्ही मिळून ०.३ मिलि. १९३९ साली सिडनीच्या मॅकमास्टर प्रयोगशाळेतल्या गॉर्डन आणि व्हिटलॉक यांनी मेंढीच्या लेंड्यांतली अंडी मोजण्याची ही पद्धत मांडली. मूळ रचना आजही जवळपास तीच आहे.

हातात आल्यावर आधी फट तपासा. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा) १.०० आणि ०.५० मिमीची पाती एकत्र धरून कडेच्या उघड्या तोंडातून सरकवा. ती हलक्या हाताने जायला हवीत, पण खुळखुळता कामा नये. स्वस्तातल्या पट्ट्यांत खोट असते ती इथेच. फट १.३ मिमीच भरली, तर प्रत्येक मोजणी १३ टक्क्यांनी कमी येत राहणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. चौकोनाची बाजू साध्या मोजपट्टीने मोजून घ्या. रेघा प्रकाशात स्पष्ट दिसतात ना, हेही बघा. पुसट रेघांवर डोळे शिणतात आणि काठावरची अंडी दोनदा मोजली जातात.

वापरायला सोपी आहे. २ ग्रॅम शेण किंवा लेंड्या, २८ मिलि मिठाचं संपृक्त द्रावण (आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारट). नीट कालवून बारीक चहाच्या गाळणीतून गाळायचं, ढवळता ढवळता ड्रॉपरने उचलायचं आणि दोन्ही चौकोनांखालचे खाने भरायचे. पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे अंडी तरंगून वरच्या पट्टीला टेकतात. मग १०च्या भिंगाखाली दोन्ही चौकोनांतली अंडी मोजून बेरजेला ५०ने गुणायचं, की एका ग्रॅममागे किती अंडी ते कळलं. हाच तो ईपीजी. ५० कुठून आले? ३० मिलित २ ग्रॅम, म्हणजे ०.३ मिलित ०.०२ ग्रॅम. शेणाचं किंवा द्रावणाचं माप बदललं की गुणकही बदलतो. हे विसरून डोळे झाकून ५०ने गुणणारे कमी नाहीत.

मीठ लिटरभर गरम पाण्यात ४०० ग्रॅम घाला. तळाशी थोडं न विरघळलेलं राहिलं तर उत्तम, द्रावण संपृक्त झाल्याची तीच खूण. गार झाल्यावर हायड्रोमीटरवर, म्हणजे घनता मोजायच्या नळीवर, १.२० यायला हवं. १.१५ आलं तर जड अंडी वर यायला कुरकुर करतात. साखरेचा पाक १.२७पर्यंत जातो आणि अंडीही कमी चुरगळतात, पण चिकटपणामुळे तरंगायला वेळ लागतो आणि नंतर पट्टी धुताना जीव जातो. मिठात भरलेली पट्टी अर्ध्या तासाच्या आत वाचून मोकळे व्हा. पुढे कडेने स्फटिक धरतात आणि अंड्यांची कवचं चेपू लागतात.

नवख्यांची तक्रार ठरलेली: काहीच दिसत नाही. बहुतेकदा फोकस तळाच्या पट्टीवर असतो. तिथे फक्त गाळ. आधी चौकोनाची रेघ शोधा, ती धारदार दिसली की अंडी त्याच पातळीवर सापडतात. दुसरी अडचण बुडबुड्यांची. ड्रॉपर जोरात दाबला की चौकोनात बुडबुडा अडकतो आणि तेवढी जागा मोजणीतून जाते. पट्टी रिकामी करून पुन्हा भरा, बुडबुडा वगळून अंदाज बांधत बसू नका. ४०चं भिंग इथे चालत नाही, वरच्या पट्टीची जाडी आड येते. म्हणजे जिआर्डियाच्या पुटिका किंवा क्रिप्टोस्पोरिडियम, असे अतिसूक्ष्म एकपेशीय परजीवी शोधायचं हे साधनच नव्हे.

फ्ल्यूकसाठी, म्हणजे पानासारख्या चपट्या जंतासाठीही नव्हे. यकृतातल्या फ्ल्यूकची सोनेरी पिवळी, झाकणवाली, १३० मायक्रॉनच्या पुढची अंडी मिठात तरंगतच नाहीत. त्यासाठी पाण्यात पुन्हा पुन्हा निथळून तळाचा गाळ बघावा लागतो. रवंथ करणाऱ्या प्राण्याचा कोरा अहवाल फक्त या पट्टीवरून दिला असेल, तर तो फ्ल्यूकबद्दल मुका आहे असं समजा.

स्ट्राँगाइल या गोल जंतांच्या गटाच्या अंड्यांवरून जात ओळखता येत नाही, हा दोष पट्टीचा नाही. ७०-९० मायक्रॉनची ती लांबट अंडी हिमोंकसची की ट्रायकोस्ट्राँगायलसची (दोन्ही याच गटातले जंत), हे अळ्या वाढवल्याशिवाय कळत नाही. याच गटातल्या नेमाटोडायरसचं अंडं मात्र आकारानेच वेगळं उठून दिसतं, जवळपास दुप्पट. ट्रायक्युरिस या चाबकासारख्या जंताची दोन्ही टोकांना बूच असलेली लिंबासारखी अंडी आणि मोनिझिया या पट्टकृमीची कोनदार अंडीही चुकत नाहीत. हिमोंकसची एक मादी दिवसाला ५,००० ते १०,००० अंडी घालते, नेमाटोडायरसची त्या मानाने फारच थोडी. म्हणून ईपीजीवरून पोटातल्या जंतांची संख्या काढणं हा भाबडेपणा आहे. शेण पातळ असलं तर आकडा आणखी खाली जातो, कारण त्याच ग्रॅममध्ये पाणीच जास्त भरतं.

आता खरी कुरबूर. किती टक्के जनावरांत जंत आहेत, हे ठरवायला ही पट्टी सर्रास वापरली जाते, आणि तिथे ती फसवते. एक अंडं दिसलं तर ५०, काहीच दिसलं नाही तर शून्य, मधलं काही तिला दिसतच नाही. एखाद्या जनावराचा खरा आकडा ५० असेल तर ०.३ मिलित सरासरी एकच अंडं येणार. नशिबाचा हिशोब मांडला तर १०० वेळा पट्टी भरल्यावर ३७ वेळा एकही दिसणार नाही. खरा आकडा २५ असेल तर ६१ वेळा. म्हणजे हलका प्रादुर्भाव असलेल्या कळपातली कितीतरी जनावरं फुकटात निरोगी ठरतात. दहा जनावरांचं शेण एकत्र करून तपासलं तर आणखी गंमत: एकाचा आकडा ४०० आणि बाकी नऊ स्वच्छ असतील, तर मिश्रणाचा येतो ४०, आणि साधारण ४५ टक्के वेळा पट्टी कोरीच राहते. एकत्रित नमुना कळपाची सरासरी सांगायला ठीक. टक्केवारीसाठी त्याचा उपयोग नाही.

आहेत की नाहीत एवढंच हवं असेल तर सेंट्रिफ्यूजमधून (नळी गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून) फिरवून नळीच्या तोंडावर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवण्याची पद्धत घ्या. कुत्र्यामांजरांसाठी तर तीच. मोजणीही हवी आणि हलका प्रादुर्भावही सुटायला नको असेल, तर मिनी-फ्लोटॅक हे मोजणीचं दुसरं साधन बघा. त्यात १ मिलिचे दोन खाने आहेत. ५ ग्रॅम शेण आणि ४५ मिलि द्रावण घेतलं की गुणक फक्त ५. ४०चं भिंगही चालतं. पण सुटे भाग जास्त, दहा मिनिटं थांबून चकती फिरवावी लागते आणि धुण्याचा व्याप मोठा. दिवसाला ५० नमुने असतील तर हात मॅकमास्टरकडेच वळतो.

जंगली प्राण्यांच्या विष्ठेसाठी ही पट्टी न्यायची असेल तर दुप्पट सावध राहा. जमिनीला टेकलेला भाग नको, विष्ठेच्या आतला मधला भाग घ्या. नाहीतर मातीत मोकळे राहणारे सूत्रकृमी (धाग्यासारखे बारीक कृमी) पट्टीवर वळवळतात आणि अहवालात जंत म्हणून चढतात. बिबट्याच्या विष्ठेत मोनिझियाचं अंडं दिसलं तर ते बिबट्याचं नाही, त्याने खाल्लेल्या हरणाबकरीचं आहे. नुसतं पोटातून वाटसरूसारखं पुढे आलेलं. दहा ठिकाणची विष्ठा म्हणजे दहा प्राणी असंही नसतं. नमुना पिशवीतली हवा दाबून काढून ४ अंशांवर ठेवा. गोठवू नका, अंडी फुटतात. उघडा आणि उबेत राहिला तर दिवसभरातच स्ट्राँगाइलच्या अळ्या बाहेर पडतात आणि मोजायला अंडीच उरत नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना मोजता येतो, पण त्यातून अळ्या वाढवता येत नाहीत आणि डीएनएचं कामही अवघड होतं.

जंतनाशक लागू पडलं का हे बघायला मात्र ही पट्टी अजून चांगली आहे, एका अटीवर. औषधाआधी पुरेशी अंडी प्रत्यक्ष दिसायला हवीत. गुणाकाराने फुगवलेला आकडा इथे कामाचा नाही. आधी तीन अंडी, १४ दिवसांनी शून्य, म्हणून औषध १०० टक्के लागू, असा अहवाल कुणी दिला तर तो परत करावा. शेकड्याने अंडी मोजलेल्या कळपात ९५ टक्क्यांहून कमी घट आली, तर तो इशारा खरा.

वापर झाला की लगेच साध्या पाण्याखाली धरा, मीठ वाळू देऊ नका. स्पिरिट किंवा ॲसिटोन लावलंत तर ॲक्रिलिकला केसांसारख्या भेगा पडतात आणि त्या भेगा भिंगाखाली हुबेहूब अळ्यांसारख्या दिसतात.