माती कोणी तपासली, हे विचारायला शिकवणारा अभ्यासवर्ग

एखाद्या प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे सांगणारे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचे अहवाल नागरिकांनी वाचावेत, असा आग्रह पुण्यात अनेक व्यासपीठांवरून धरला जातो. ते कसे वाचावेत हे धीराने शिकवणारी जागा मात्र सहजी सापडत नाही. कोथरूड परिसरातील एका खासगी संस्थेने रविवारी सकाळी चालवलेला अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. अशा विषयात रस असणाऱ्यांनी तो करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात काही उणिवा आहेत आणि त्यांतील एक गंभीर आहे.

दहा-बारा प्रकल्पांची धावती ओळख करून देण्याऐवजी हा वर्ग एकच प्रकरण घेतो आणि शेवटपर्यंत तेच सोडवत राहतो. ते प्रकरण म्हणजे सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आग्नेय टोकाला असलेली हंटर्स पॉइंट ही बंद पडलेली नौदल गोदी आणि तिच्या जागेवर वसाहत उभारण्याचा प्रकल्प. पुण्यातल्या वर्गासाठी परदेशातील किनाऱ्यावरचे उदाहरण का, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर असे, की जागेचा लष्करी वापर, प्रदूषण, सफाई, पुनर्विकासाचा अहवाल आणि सफाईतील लबाडी हे सारे टप्पे एकाच जमिनीवर घडले असून त्यांची कागदपत्रे कोणालाही उघडून पाहता येतात. शिकण्यासाठी यापेक्षा सोयीचे प्रकरण शोधणे अवघड आहे.

जागेचा इतिहास वर्गात थोडक्यात, पण नेमका सांगितला गेला. प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर १९४६ मध्ये झालेल्या अणुचाचण्यांत दूषित झालेली जहाजे धुण्या-खरवडण्यासाठी या गोदीत आणली गेली. किरणोत्सारापासून बचाव कसा करावा याचा अभ्यास करणारी नौदलाची प्रयोगशाळा १९४६ ते १९६९ या काळात इथेच होती. उपकरणांच्या तबकड्या आणि जहाजाच्या डेकवरच्या खुणा अंधारात दिसाव्यात म्हणून रेडियमचा रंग वापरला जाई. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षे असल्याने तो रंग कुठे सांडला, कुठे पुरला गेला, हा प्रश्न आजही जिवंत आहे. नौदलाने १९७४ मध्ये गोदीचे काम थांबवले आणि १९८९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ही जागा सर्वाधिक दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत घातली.

यापुढे वर्गाची खरी ताकद दिसते. शिक्षकांनी टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे ठेवले. एक सफाईच्या कायद्याखालील कागदपत्रांचा, दुसरा कॅलिफोर्नियाच्या १९७० च्या पर्यावरण गुणवत्ता कायद्याखाली तयार झालेल्या पुनर्विकास अहवालाचा. दुसरा अहवाल शहराने २०१० मध्ये मंजूर केला. त्यात शेजारच्या कँडलस्टिक पॉइंटसह सुमारे १०,५०० घरांची योजना होती, फुटबॉलचे मैदान बांधले तर काय आणि न बांधले तर काय, अशा पर्यायांचाही विचार होता. वाहतूक, धूळ, आवाज, पक्षी, सावली अशी त्याची प्रकरणे पाहून वाचकाला वाटते की सर्व काही तपासले गेले आहे. परंतु जमिनीखालच्या विषाबद्दल हा अहवाल मुख्यतः पहिल्या गठ्ठ्यावर विसंबतो: नौदल ठरलेल्या निकषांप्रमाणे भूखंड साफ करील आणि मगच तिथे बांधकाम होईल, असे गृहीत धरून पुढची गणिते मांडलेली आहेत. एका अहवालातील गृहीतक दुसऱ्या यंत्रणेच्या कामावर कसे उभे असते, हे इतक्या स्पष्टपणे मला अन्यत्र कोणी समजावून दिले नव्हते.

आणि ते काम कच्चे निघाले. नौदलाने नेमलेल्या कंत्राटदार कंपनीच्या दोन पर्यवेक्षकांनी माती तपासणीच्या नोंदी खोट्या केल्याचे न्यायालयात कबूल केले; संशयित जागेच्या मातीऐवजी स्वच्छ जागेची माती नमुना म्हणून पाठवली गेली होती. २०१८ मध्ये दोघांना प्रत्येकी आठ महिन्यांची शिक्षा झाली आणि मोठ्या क्षेत्राची फेरतपासणी करावी लागली. गोदीचा ‘ए’ भूखंड २००४ मध्येच शहराच्या ताब्यात आला होता आणि तिथे घरेही बांधून झाली होती; २०१८ मध्येच त्या भूखंडावर रेडियमची एक डेक-खूण जमिनीत सापडली. या भागावर वर्गाने सर्वाधिक वेळ दिला आणि तो योग्यच होता. सरावासाठी शिक्षकांनी स्वतः तयार केलेल्या नमुना-नोंदी आम्हाला दिल्या होत्या: कोणत्या खड्ड्यातून, किती खोलीवरून, किती वाजता माती घेतली, ती कोणाच्या हातून प्रयोगशाळेत गेली. एकच माणूस एकाच वेळी दोन दूरच्या खड्ड्यांवर हजर असल्याची नोंद आमच्या गटातील एका निवृत्त तलाठी गृहस्थांनी सर्वांत आधी पकडली. पंचनामे वाचलेल्या माणसाला हे कागद परके वाटत नाहीत, हे पाहून समाधान वाटले.

हरकती व सूचनांवरचे सत्रही तितकेच चांगले झाले. कॅलिफोर्नियात मसुद्यावर आलेल्या लेखी हरकतींना अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून वाचता येतात. ‘हा मुद्दा सफाईच्या प्रक्रियेत हाताळला जाईल’ अशा धाटणीचे उत्तर दिसले की तिथे थांबून त्या दुसऱ्या प्रक्रियेचा कागद मागायचा, ही सवय शिक्षकांनी आम्हाला लावली. शहराच्या नागरी ग्रँड ज्युरीने, म्हणजे स्थानिक कारभाराची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, २०२२ मध्ये मांडलेला भूजलाचा मुद्दाही इथेच घेतला गेला. काही ठिकाणी दूषित माती उपसून न काढता तिच्यावर स्वच्छ थर टाकून ती झाकली जाते. समुद्राची पातळी वाढली की किनाऱ्यालगतचे भूजलही वर चढते आणि झाकलेल्या मातीपर्यंत पाणी खालून पोहोचू शकते. पाणी वरूनच येईल असे धरून केलेले झाकण अशा वेळी पुरेसे ठरत नाही.

आता गंभीर उणीव. भारतीय चौकटीसाठी केवळ शेवटच्या सत्राचा उत्तरार्ध राखला होता आणि तोही घाईत उरकला. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या इमारत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागते, परंतु इमारती आणि वसाहतींच्या या वर्गाला जनसुनावणीतून वगळलेले आहे. म्हणजे हंटर्स पॉइंटच्या रहिवाशांना ज्या टप्प्यावर बोलता आले, तो टप्पाच आपल्याकडील अशा प्रकल्पात येत नाही. अशा वेळी नागरिकाने पर्यावरणीय मंजुऱ्यांच्या ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर प्रकल्प तपासणाऱ्या राज्य समितीचे इतिवृत्त कसे शोधावे, मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे, पुरेसे कारण दाखवल्यास ती आणखी ६० दिवसांपर्यंत वाढू शकते, हे तपशील प्रश्न विचारल्यावर मिळाले. ते अभ्यासक्रमातच हवे होते. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ याच शहरात आहे, तेव्हा एखाद्या सुनावणीला उपस्थित राहण्याचा कार्यक्रम ठेवणेही अवघड नव्हते. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे २०२५ चे केंद्रीय नियम तर एका वाक्यात संपले. किरणोत्सारी प्रदूषण या नियमांच्या कक्षेबाहेर आहे, ही बाब निवडलेल्या उदाहरणाशी थेट जोडलेली असूनही तिच्यावर चर्चा झाली नाही.

खडकी आणि देहूरोडसारख्या लष्करी वस्त्या ज्या शहराच्या अंगाला आहेत, त्या शहरात हा दुवा सुटणे मला खटकले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. तिथली माती दूषित आहे असे मी म्हणत नाही. दीडशे वर्षांच्या औद्योगिक वापराची जमीन कधी काळी दुसऱ्या उपयोगासाठी मागितली गेली, तर पहिला प्रश्न कोणता विचारावा, याचा सराव पुण्याच्या वर्गात व्हायला हवा.

सोयींबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिकवणे मराठीतून होते आणि शिक्षक तांत्रिक संज्ञा उलगडून सांगतात, पण मूळ कागद इंग्रजीत असल्याने घरी वाचायला वेळ द्यावा लागतो. छापील नकाशे उत्तम होते. शुल्क नोकरदारांना परवडेल असे आहे. विद्यार्थ्यांना मात्र ते जड जाईल आणि सवलतीची काही व्यवस्था दिसली नाही. गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, प्रभागात काम करणारे कार्यकर्ते, स्थापत्य आणि नगररचनेचे विद्यार्थी यांना मी हा वर्ग सुचवेन. कायद्याचे विद्यार्थी असाल, तर पुढील तुकडीत भारतीय भागाला पूर्ण सत्र दिले आहे का, हे नाव नोंदवण्याआधी संस्थेला जरूर विचारा.