वजनकाटा जोडला की प्रोग्रॅम सुरू: यूडेव्हचं रन, सिस्टीमडीचं डिव्हाइस युनिट की कायम चालणारी सर्व्हिस?

भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये डिस्पॅचच्या टेबलावर नेहमीची मांडणी असते: उबुंटू किंवा डेबियन घातलेला छोटा पीसी, आरएस-२३२ या जुन्या सीरियल पोर्टवर बोलणारा वजनकाटा, मध्ये पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेला यूएसबी कन्व्हर्टर आणि वजन वाचून लेबल छापणारा प्रोग्रॅम. काटा जोडला की प्रोग्रॅम सुरू व्हावा, काढला की थांबावा. हे काम सोपवायला लिनक्समध्ये तीन जागा आहेत: डिव्हाइस जोडलं-काढलं की नियम चालवणाऱ्या यूडेव्हचं 'रन', प्रोग्रॅम सुरू-बंद करणाऱ्या सिस्टीमडीचं डिव्हाइस युनिट, किंवा मागे कायम चालणारी सर्व्हिस.

यूडेव्हच्या नियमात 'रन' लिहिणं सगळ्यात सोपं दिसतं, आणि नेमकं तेच इथे चालत नाही. रन क्षणभराच्या कामासाठी आहे. इव्हेंट हाताळून झाला की त्यातून निघालेली प्रत्येक प्रोसेस यूडेव्ह मारून टाकतं; मागे '&' लावून बॅकग्राउंडला टाकली तरी सुटका नाही. काम रेंगाळलं तर त्या डिव्हाइसचे पुढचे इव्हेंट अडकतात आणि १८० सेकंदांनी गळा आवळला जातो. शिवाय यूडेव्हची सर्व्हिस सँडबॉक्समध्ये, म्हणजे बंधनं घातलेल्या कुंपणात चालते, त्यामुळे तिथून नेटवर्कवरच्या डेटाबेसला वजन पाठवणं किंवा पेनड्राइव्ह माउंट करणं जमत नाही. एखादी सेटिंग फाइलमध्ये लिहायची असेल तर रन वापरा, नाहीतर विसरा.

डिव्हाइस युनिटचा मार्ग वेगळा. यूडेव्हनं 'सिस्टीमडी' असा टॅग लावलेल्या प्रत्येक डिव्हाइससाठी सिस्टीमडी आपोआप एक युनिट, म्हणजे त्या डिव्हाइसची आपल्याकडची नोंद, तयार करतं; सर्व्हिस तिला बांधता येते. डिस्क, नेटवर्क कार्ड आणि सीरियल पोर्ट यांना हा टॅग आधीच असतो; एचआयडी-रॉ (कीबोर्ड-माउसच्या जातीच्या यूएसबी डिव्हाइसचा थेट मार्ग) वर येणाऱ्या स्कॅनरला तो नियमात स्वतः लावावा लागतो.

यूडेव्हकडून फक्त नाव घ्या. नियमात कन्व्हर्टरचे व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक जुळवून सिमलिंक, म्हणजे पोर्टला आपलं ठरलेलं दुसरं नाव द्या, कारण पोर्टला आपोआप मिळणाऱ्या टीटीवाय-यूएसबी-० या नावाचा भरवसा नाही. केबल निघाली तेव्हा प्रोग्रॅमनं पोर्ट उघडाच धरला असेल, तर ० मोकळा होत नाही आणि परत जोडलेला काटा १ वर येतो. सिमलिंकच्या नावात आडवी रेघ टाळा. युनिटच्या नावात '/' च्या जागी '-' येते, म्हणून मूळ रेघेचं एस्केप कोडात रूपांतर होतं आणि हातानं लिहिताना ते हमखास चुकतं.

सर्व्हिसमध्ये त्या डिव्हाइस युनिटवर 'बाइंड्सटू' (ते गेलं की थांब) आणि 'आफ्टर' (ते आल्यावरच सुरू हो) दोन्ही लिहा. केबल निघाली की सर्व्हिस थांबते, पोर्टही सुटतो. पण बाइंड्सटू परत सुरू करत नाही. त्यासाठी इन्स्टॉल विभागात 'वाँटेडबाय' म्हणून तेच डिव्हाइस युनिट द्या. सवयीनं तिथे मल्टी-यूजर टार्गेट (पीसी चालू होताना सुरू कर) लिहिलं, तर काटा नसताना पीसी चालू केल्यावर सर्व्हिस डिव्हाइसची ९० सेकंद वाट बघते, मग डिपेंडन्सी फेल म्हणून गप्प बसते. नंतर काटा जोडला तरी ती हलत नाही.

ढिली पिन हा या पद्धतीचा शत्रू, कारण तिच्यामुळे डिव्हाइस सारखं निघतं आणि जोडलं जातं. १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सर्व्हिस सुरू व्हायला गेली की सिस्टीमडी नकार देतं. तिसऱ्या पर्यायातही, म्हणजे कायम चालणाऱ्या सर्व्हिसमध्येही, हीच मर्यादा आडवी येते. तिला फक्त 'रीस्टार्ट = ऑलवेज' (बंद पडली की परत सुरू कर) लावलं, तर दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर १०० मिलिसेकंद असतं. पोर्ट सापडला नाही म्हणून लगेच बंद पडणारा प्रोग्रॅम एका सेकंदाच्या आत कोटा संपवतो. 'रीस्टार्टसेक' (दोन प्रयत्नांमधलं अंतर) ५ सेकंद करा आणि 'स्टार्टलिमिट-इंटरव्हलसेक' शून्य ठेवा, म्हणजे ही मर्यादाच उठते.

मग तिसरा पर्याय घ्यायचाच कशाला? कारण सिस्टीमडीला दिसतो तो कन्व्हर्टर, काटा नव्हे. गुरुवारी वीज गेली, यूपीएसवरचा पीसी चालू राहिला आणि काटा बंद पडला, तर यूएसबीच्या बाजूला काहीच घडत नाही. डिव्हाइस युनिट 'प्लग्ड' राहतं, सर्व्हिस हिरवी दिसते आणि वजन मात्र येत नाही. सतत वजन पाठवणाऱ्या काट्याकडून ठरावीक वेळ एकही ओळ आली नाही, तर प्रोग्रॅमनं स्वतःच ओरडायला हवं.

थोडक्यात, केबल रोज निघत असेल तर डिव्हाइस युनिट. कन्व्हर्टर कायमचा खोचलेला असेल तर साधी सर्व्हिस पुरते, सिमलिंक मात्र तिलाही हवाच.

कन्व्हर्टर घेताना चिप विचारा. सीएच-३४० स्वस्त आहे, पण त्यात सहसा सीरियल नंबर नसतो. तसे दोन लावले तर वेगळे ओळखायला यूएसबी पोर्टच्या जागेवरूनच नियम लिहावा लागतो, मग कुणी केबल दुसऱ्या भोकात घातली की काटे अदलाबदल. एफटीडीआयच्या चिपमध्ये सहसा स्वतंत्र नंबर मिळतो. उबुंटू २२.०४ वर सीएच-३४० चा पोर्ट दिसून लगेच गायब झाला, तर केबलला दोष देऊ नका: ब्रेल डिस्प्लेसाठीचं बीआरएलटीटीवाय नावाचं सॉफ्टवेअर तो आपला समजून बळकावतं. ब्रेल लागत नसेल तर ते पॅकेज काढा.

यूडेव्हचा नियम बदलल्यावर तो रीलोड करा, सर्व्हिस एनेबल करा आणि मग केबल काढून परत जोडा. आधीच जोडलेल्या डिव्हाइसवर नवा 'वाँट्स', म्हणजे 'वाँटेडबाय'नं तयार झालेला दुवा, लागू होत नाही.